प्रदर्शनातले रेल्वे फाटक : वायर तुटली तर ते बंद व्हायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की ‘स्वयंचलित रेल्वे फाटक’ हा प्रकल्प हमखास दिसतो. शाळांत दिसतो, डिप्लोमाच्या मुलांकडे दिसतो, गणपतीच्या घरगुती देखाव्यांतही गोल रुळावर फिरणारी गाडी आणि तिच्यापुढे पडणारे फाटक असते. गाडी आली हे ओळखण्याचे काम बहुतेक ठिकाणी प्रकाशावर चालणारा सेन्सर करतो. ही निवड योग्यच आहे. पण तो ज्या तऱ्हेने बसवला जातो त्यातला एक दोष इतका सर्रास आढळतो की त्याबद्दल जाहीर लिहिणे गरजेचे वाटते. सेन्सरचा दिवा जळाला किंवा त्याची वायर सुटली, की यातली बरीच फाटके उघडी राहतात. गाडी येते आणि फाटक उघडे. रेल्वेच्या कामात याहून वाईट चूक नाही, आणि नकळत मुलांना तीच शिकवली जाते. विद्यार्थी, शिक्षक आणि मुख्यतः परीक्षक यांच्यासाठी हे पत्र.

आधी प्रकाशच का, ते. खेळण्यातली गाडी बहुधा स्वतःच्या पेन्सिल सेलवर चालते. तिच्या प्लॅस्टिकच्या रुळांत वीज नसते, म्हणून रुळातला प्रवाह मोजून गाडी ओळखण्याची पद्धत तिथे लागूच होत नाही. एचओ मापाच्या (१:८७, रुळांमधले अंतर १६.५ मिमी) मॉडेल रेल्वेत वीज रुळांतून येते खरी, पण ती ओढते फक्त इंजिन. मागचे डबे ओळखायचे तर त्यांच्या धातूच्या चाकांवर १० किलोओहमच्या आसपासचे रेझिस्टर बसवावे लागतात. रीड स्विचला (चुंबक जवळ आले की जुळणाऱ्या स्विचला) गाडीखाली चुंबक लागते. प्रकाशाला यातले काही लागत नाही. डबा धातूचा असो, प्लॅस्टिकचा असो की पुठ्ठ्याचा, तो आडवा आला की झाले. एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवावी : प्रकाशाचा सेन्सर ‘या बिंदूवर गाडी आहे का’ एवढेच सांगतो. ‘या दोन बिंदूंच्या मधे गाडी आहे का’ हे त्याला कळत नाही; ते आपल्याला तर्काने काढावे लागते.

सर्वांत स्वस्त मार्ग एलडीआरचा, म्हणजे उजेड पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो त्या रेझिस्टरचा. रुळांच्या मधोमध, दोन स्लीपरमध्ये भोक पाडून तो खालून बसवायचा आणि खोलीचा उजेड गाडीने अडवला की ओळखायचे. दुकानात सहज मिळणारा ५ मिमीचा जीएल५५२८ हा एलडीआर १० लक्स उजेडात ८ ते २० किलोओहम असतो, पूर्ण अंधारात १ मेगाओहमच्या घरात जातो, आणि नीट उजेड असलेल्या खोलीत एक-दोन किलोओहमवर येतो. गाडीखाली पूर्ण अंधार कधीच होत नाही, कारण बाजूंनी उजेड शिरतो. म्हणून एलडीआर स्लीपरच्या वरच्या पातळीला न बसवता काळ्या हीट-श्रिंक नळीत पाच-सहा मिमी खाली दडवावा, म्हणजे तो फक्त सरळ वर पाहतो. मग मल्टिमीटरने दोन मोजमापे घ्यावीत, एक रूळ मोकळा असताना आणि एक गाडी वर उभी असताना. समजा २ आणि १८ किलोओहम आले. दोन्हींचा गुणाकार ३६, त्याचे वर्गमूळ ६. म्हणजे सोबतचा रेझिस्टर सहाच्या जवळचा, ५.६ किलोओहमचा घ्यायचा. या मूल्याला व्होल्टेजमधला फरक सर्वांत मोठा मिळतो. पाच व्होल्टच्या बाजूला रेझिस्टर आणि जमिनीकडे (शून्य व्होल्टकडे) एलडीआर जोडला तर मोकळ्या रुळाला सुमारे १.३ व्होल्ट आणि गाडी असताना ३.८ व्होल्ट येतात. मर्यादा अडीच व्होल्टवर ठेवावी : त्याच्या वर ‘गाडी’, खाली ‘मोकळे’. सरसकट १० किलोओहम लावून मग पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवत बसण्यापेक्षा हे दहा मिनिटांचे मोजमाप कितीतरी उपयोगी पडते.

हे व्होल्टेज तपासायला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) नसेल तर एलएम३९३ हा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, पुरतो. त्याच्याबाबत तीन गोष्टी राहून जातात. त्याचे आउटपुट ओपन कलेक्टर असते, म्हणजे ते व्होल्टेज फक्त खाली ओढू शकते; म्हणून ५ व्होल्टला जोडलेला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर बाहेरून द्यावाच लागतो. तो नसला की चिप खराब आहे असे समजून लोक ती फेकून देतात. दुसरे, इनपुट सप्लायपेक्षा दीड व्होल्टने तरी खाली असावे लागते, म्हणजे ५ व्होल्टवर संदर्भाचे व्होल्टेज साडेतीनच्या खालीच ठेवावे. तिसरे, मर्यादेच्या अगदी काठावर आउटपुट फडफडते आणि रिले (विजेने चालणारा स्विच) तडतडतो. त्यासाठी सिग्नल १० किलोओहममधून धन इनपुटला द्यावा आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला ४७० किलोओहम जोडावा, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या मर्यादांत सुमारे ०.१ व्होल्टचे अंतर तयार होते आणि फडफड थांबते.

एलडीआर सावकाश आहे, त्याला बदलायला २०-३० मिलिसेकंद लागतात. इथे हा गुणच ठरतो, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि एलडीआर ते बरेचसे गाळून टाकतो. त्याची वायर तुटली किंवा खोलीतले दिवे गेले तर तो ‘अंधार’ म्हणजे ‘गाडी’ असेच सांगतो, फाटक बंद होते. म्हणजे चुकतो तो सुरक्षित बाजूला. तरीही प्रदर्शनात तो फसतो, कारण तिथला उजेड आपल्या हातात नसतो. घरी टेबलावर रात्री लावलेली मर्यादा सभागृहात सकाळी निरुपयोगी होते. दहा मुले मांडणीवर वाकली की त्यांच्या डोक्यांची सावली म्हणजेच गाडी. रुळापासून पाच-सात सेंमीवर दुसरा एलडीआर संदर्भासाठी ठेवून दोघांची तुलना केली तर सभागृहाचा कमी-जास्त उजेड निभावतो, पण सावली एकावरच पडली की पुन्हा गोंधळ. बोगद्यात तर हा मार्ग बंदच. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की प्रदर्शनात न्यायच्या मांडणीत खोलीच्या उजेडावर विसंबू नये. आपला उजेड आपण न्यावा.

तो नेण्याचा सध्याचा लोकप्रिय मार्ग म्हणजे परावर्तनाचे मॉड्यूल. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, शेजारी रिसीव्हर, मागे एलएम३९३ आणि एक निळा पोटेन्शिओमीटर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते कुठल्याही दुकानात मिळते. समोर वस्तू आली की प्रकाश परत येतो आणि आउटपुट ‘लो’ होते. हे ‘लो’ विसरून कोड उलटा लिहिला जातो, तो भाग सोडा, ते लगेच कळते. मुळातली अडचण पुढची आहे. या मॉड्यूलमध्ये प्रकाश परत येणे म्हणजे गाडी. मग एलईडी जळाला किंवा त्याची वायर सुटली, तर प्रकाश परत येत नाही आणि यंत्रणा समजते की रूळ मोकळा आहे. इंजिनाचा तळ काळा असेल तरी तेच. टीसीआरटी५००० या जोडीला सर्वाधिक परावर्तन अडीच मिमी अंतरावर मिळते आणि पंधरा मिमीच्या पुढे फारसे काही उरत नाही. त्यात काळा रंग इन्फ्रारेड गिळतो. तळाला पांढरा कागद किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून हे सुधारते. एलईडी आणि रिसीव्हर यांच्यावर काळ्या नळीचे वेगवेगळे तुकडे चढवले की एलईडीचा प्रकाश थेट शेजारच्या रिसीव्हरमध्ये झिरपणेही थांबते. पण तुटलेल्या वायरीवर या मॉड्यूलमध्ये उपाय नाही. ‘गाडी नाही’ आणि ‘सेन्सर मेला’ या दोन्हींना ते एकच उत्तर देते.

खऱ्या रेल्वेने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवला. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. रुळाच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असला की प्रवाह पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह त्यांच्यातूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली, वायर तुटली, रूळ तडकला, तरी रिले पडतोच. ‘मोकळे आहे’ हे सांगायला प्रवाह लागतो. ‘धोका’ सांगायला काहीच लागत नाही. मॉडेलमध्ये हाच विचार आणायचा तर परावर्तनाऐवजी आडवा किरण वापरावा : रुळाच्या एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर, किरण पोचतो आहे तोवर रूळ मोकळा, तुटला की गाडी.

एका किरणाचे सामान असे : ९४० नॅनोमीटरचा ५ मिमी इन्फ्रारेड एलईडी, एक फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की प्रवाह जाऊ देणारा भाग), एक २२० ओहम आणि एक १० किलोओहम रेझिस्टर, काळ्या हीट-श्रिंक नळीचे दोन सेंमीचे दोन तुकडे. एलईडी २२० ओहममधून थेट आर्डुइनो उनोच्या डिजिटल पिनला जोडावा. सुमारे १७ मिलिअँपिअर जातात आणि पिनला ते झेपतात. फोटोट्रान्झिस्टरचा एमिटर जमिनीला, कलेक्टर ॲनालॉग पिनला, आणि त्या पिनपासून ५ व्होल्टला १० किलोओहम. हा १० किलोओहम आर्डुइनोच्या शेजारीच बसवावा, रुळाजवळ कधीही नाही. तो शेजारी असला तर मधली वायर तुटल्यावर पिन आपोआप ५ व्होल्टला जाते, म्हणजे ‘अंधार’, म्हणजे ‘गाडी’. तो रुळाजवळ असला तर वायर तुटल्यावर पिन अधांतरी राहते आणि मनाला येईल ते वाचते. एवढासा रेझिस्टर कुठे आहे यावर सगळी सुरक्षितता अवलंबून आहे, आणि चांगल्या डाग दिलेल्या बोर्डांवरही तो चुकीच्या टोकाला असतो.

खरेदी करताना सांभाळायची गोष्ट : दुकानात ‘आयआर पेअर’ म्हणून मिळणाऱ्या जोडीतला काळा भाग बहुधा फोटोडायोड असतो. तो उलट्या दिशेने, म्हणजे कॅथोड धनाकडे ठेवून जोडावा लागतो आणि त्याचा प्रवाह अगदी थोडा असल्याने १० ऐवजी १०० किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर लागतो. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तो एका दिशेने डायोडसारखा आकडा दाखवतो. फोटोट्रान्झिस्टर अंधारात दोन्ही दिशांनी काहीच दाखवत नाही. एलईडी पेटला आहे का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे, फिकट जांभळा ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा इन्फ्रारेड गाळणी असते, त्यातून दिसला नाही म्हणून एलईडी बदलू नये.

आडव्या किरणाची स्वतःची एक कमजोरी आहे आणि ती लपवून चालणार नाही. बाहेरचा इन्फ्रारेड उजेड रिसीव्हरवर पडला तर किरण तुटूनही ‘उजेड आहे’ असेच वाचले जाते, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला जाते. हल्लीच्या एलईडी ट्यूबमध्ये इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, म्हणून घरी हा दोष दिसतच नाही. मांडवातला हॅलोजन, जुना पिवळा बल्ब आणि खिडकीतले ऊन यांत तो भरपूर असतो. (याच कारणाने पिवळ्या बल्बच्या काळातल्या पुस्तकांतली फोटोट्रान्झिस्टरची सर्किटे आजच्या एलईडी दिव्याखाली मंद वाटतात, सर्किट चूक नसते, दिवा बदललेला असतो.) पहिला बचाव नळीचा : रिसीव्हर दोन सेंमी खोल काळ्या नळीत बसवला की त्याला समोरचा अरुंद शंकूच दिसतो. नळीचे तोंड खिडकीकडे ठेवू नये, खिडकी रिसीव्हरच्या पाठीशी यावी.

दुसरा आणि खरा बचाव कोडमध्ये आहे. एलईडी सतत पेटता ठेवायचाच नाही. एलईडी बंद, ३०० मायक्रोसेकंद थांबा, रीडिंग घ्या. एलईडी चालू, तेवढेच थांबा, पुन्हा रीडिंग घ्या. पहिल्यातून दुसरे वजा करा. बाहेरचा उजेड दोन्हींत सारखाच असतो, कारण दोन रीडिंगमधल्या अर्ध्या मिलिसेकंदात दिव्याच्या लुकलुकण्यात फार फरक पडत नाही. वजाबाकीत उरतो तो फक्त आपला किरण. आर्डुइनो ० ते ५ व्होल्टसाठी ० ते १०२३ असा आकडा देतो; मोकळ्या रुळाला साधारण पहिले रीडिंग ९०० च्या पुढे आणि दुसरे १००-३०० असे मिळावे. मांडणी जागेवर लावल्यावर हा फरक मोजावा आणि त्याच्या निम्म्यावर मर्यादा ठेवावी. फरक मर्यादेखाली गेला तर किरण तुटला : गाडी आली, एलईडी जळाला किंवा वायर गेली, तिन्हींना उत्तर एकच, फाटक बंद. आणि एलईडी बंद असतानाचेच रीडिंग २०० च्या खाली गेले तर रिसीव्हर बाहेरच्या उजेडाने आंधळा झाला आहे. तेव्हाही फाटक बंद करून पिवळा दिवा लावावा. एका किरणाला या सगळ्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. तीन किरण पाळीने वाचले तरी सेकंदाला ३० सेंमी धावणारी गाडी तेवढ्यात एक मिमीसुद्धा पुढे सरकत नाही.

यासाठी तयार रिमोट रिसीव्हर वापरण्याचाही मोह होतो. टीएसओपी१७३८ त्यासाठी घेऊ नये. तो रिमोटच्या तुटक संदेशांसाठी बनवलेला आहे. सतत ३८ किलोहर्ट्झ मिळाले की त्याला तो गोंगाट वाटतो आणि तो स्वतःची संवेदना कमी करून घेतो. किरण शाबूत असताना तो काही क्षणांनी ‘तुटला’ म्हणू लागतो ते यामुळे. सततच्या किरणासाठी टीएसएसपी४०३८ हा वेगळा भाग आहे, लांब पल्ल्याला तो उत्तम. दहा सेंमीच्या किरणाला वजाबाकीची पद्धत पुरे आणि स्वस्त.

आता किरण कुठे आणि कोणत्या कोनात. रुळाला काटकोनात किरण लावला तर प्रत्येक दोन डब्यांमधल्या फटीतून तो पलीकडे पोचतो. एचओ मापात ताशी ६० किलोमीटर म्हणजे मॉडेलवर सेकंदाला सुमारे १९ सेंमी. दीड सेंमीची फट जायला ८० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात आर्डुइनो ‘गाडी गेली’ असे ठरवतो, पुढचा डबा आला की ‘गाडी आली’ म्हणतो, आणि फाटक थरथरत राहते. सगळेजण यावर कोडमध्ये विलंब टाकतात. तो हवाच, किरण सलग दीड सेकंद शाबूत राहिल्याशिवाय ‘मोकळे’ म्हणू नये. ‘गाडी’ म्हणायला मात्र तीन-चार सलग रीडिंग पुरेत. पण गाडी नेमकी फट किरणात येईल अशी थांबली तर कोणताही विलंब कामाचा नाही. उपाय भूमितीचा आहे. आपला आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचा) डबा ३२४५ मिमी रुंद, म्हणजे १:८७ मध्ये ३७ मिमी. किरण रुळाशी ४५ अंशांत तिरका लावला तर डब्याची रुंदी ओलांडताना तो ३७ मिमी पुढे सरकतो. फट १५ मिमीचीच असल्याने तो कुठल्या ना कुठल्या डब्याला अडतोच. ६० अंशांतही २१ मिमी मिळतात, जागा कमी असेल तर तेवढे चालते.

उंची रुळाच्या माथ्यापासून १० ते १३ मिमी ठेवावी. डब्याच्या खिडकीच्या उंचीवर किरण लावला की प्रवासी गाडी छान ओळखली जाते आणि रिकामी सपाट वाघीण खालून निघून जाते. खऱ्या गाडीत कपलर रुळापासून १.१ मीटरच्या आसपास असतो, मॉडेलवर तेच १२-१३ मिमी होतात. या पातळीला सांगाडा, बफर आणि कपलर यांतले काहीतरी नेहमी असते. एलईडी आणि रिसीव्हर एकाच लाकडी पट्टीवर पक्के करून मग ती पट्टी रुळाखाली सरकवावी. थर्मोकोलवर वेगवेगळे चिकटवले तर वाहतुकीत हमखास हलतात. केबिनची भिंत, झुडूप, प्लॅटफॉर्मची कड यांत दोन्ही सहज दडतात. एन मापात (१:१६०, रूळ ९ मिमी) सगळे हेच, फक्त भाग ३ मिमीचे घ्यावेत.

फाटकासाठी तीन किरण हवेत : अलीकडे, प्रत्यक्ष फाटकावर आणि पलीकडे. अलीकडचा किती दूर? गाडी सेकंदाला ३० सेंमी, घंटा दोन सेकंद, दांडी पडायला दोन सेकंद, म्हणजे १२० सेंमी, आणि वर थोडे जास्तीचे अंतर. गोल रूळ लहान असेल तर गाडीचा वेग कमी करावा, घंटा काढून टाकू नये. तर्क लिहिताना ‘पहिला सेन्सर लागला की बंद, दुसरा लागला की उघड’ असे दोन ओळींत उरकले जाते. गाडी दोन सेन्सरमधल्या अंतरापेक्षा लांब असली तर इंजिन दुसऱ्यावर पोचताच फाटक उघडते आणि शेवटचे डबे अजून रस्त्यावर असतात. बरोबर नियम असा : कोणताही किरण तुटला की बंद, उघडायचे ते पलीकडचा किरण तुटून पुन्हा दीड सेकंद शाबूत राहिला आणि त्या क्षणी बाकीचे दोन्हीही शाबूत असले तरच. गाडी मधूनच मागे फिरली तर या नियमाने फाटक बंदच राहते. ते चालेल, हाताने उघडायचे बटण ठेवावे. तेही नको असेल तर दोन्ही टोकांना चार-पाच सेंमी अंतरावर दोन-दोन किरण लावावेत; कोणता आधी तुटला यावरून दिशा कळते. खऱ्या रेल्वेच्या ॲक्सल काउंटरमध्येही (गाडीच्या चाकांच्या जोड्या मोजणाऱ्या यंत्रातही) याच कारणासाठी एका जागी दोन सेन्सर जोडीने असतात.

दांडी हलवणाऱ्या एसजी९० सर्व्होला (छोट्या मोटरला) आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज देऊ नये. सुरू होताना आणि अडकल्यावर तो अर्ध्या अँपिअरहून अधिक ओढू शकतो, व्होल्टेज कोसळते, आर्डुइनो रीसेट होतो आणि गाडी आली होती हे विसरतो. सर्व्होला स्वतंत्र ५ व्होल्ट, दोघांची जमीन एक, आणि सर्व्होजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शिवाय प्रोग्राम सुरू होतानाची पहिली स्थिती ‘फाटक बंद’ अशीच असावी. दांडी सावकाश खाली आणताना ‘डिले’ ही थांबण्याची आज्ञा वापरली तर तेवढा वेळ किरण वाचलेच जात नाहीत. ‘मिलिस’ या आर्डुइनोच्या घड्याळावर हिशोब ठेवून प्रत्येक फेरीत दांडी एक-एक अंश हलवावी. डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आदेश पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या मांडणीत सेन्सरच्या वायरी पीळ घालून आणि रुळाच्या मुख्य वायरींपासून पाच सेंमी तरी दूर न्याव्यात, कारण त्या समांतर गेल्या की खोट्या गाड्या दिसू लागतात.

सगळे बसल्यावर दोन किरणांतून वेगही मोजता येतो. अंतर ३० सेंमी असेल तर एचओ मापात ९४ भागिले लागलेले सेकंद म्हणजे खऱ्या गाडीचा ताशी किलोमीटर वेग. तीन सेकंद लागले तर ताशी ३१. आठवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवायला यापेक्षा चांगले साधन शोधून सापडणार नाही. अनेक गाड्या एकाच मांडणीत चालवताना किती गोष्टींचा मेळ घालावा लागतो हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुण्यात कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे.

परीक्षकांना विनंती, की गुण देण्याआधी प्रत्येक फाटकाची तीन मिनिटांची तपासणी करावी. गाडी किरणांपासून दूर उभी ठेवून एलईडीची वायर काढावी, फाटक बंद झाले पाहिजे. मग रिसीव्हरची वायर काढावी, तरीही बंद. तिसरे, पिवळा बल्ब रिसीव्हरसमोर धरून गाडी सोडावी, तेव्हाही फाटक बंदच हवे. मोबाइलचा टॉर्च यासाठी वापरू नये, त्यात इन्फ्रारेड नसल्याने नापास व्हायची मांडणीही पास होईल. आणि आयोजकांना विनंती, की मुलांना आदल्या संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच दिव्यांखाली मांडणी लावून मर्यादा मोजायला एक तास द्यावा. शक्य असेल तर प्रकाशावर चालणाऱ्या प्रकल्पांना खिडकीलगतची टेबले देऊ नयेत.

आपला,
एक मॉडेल रेल्वेप्रेमी वाचक,
पुणे